बॉयलरच्या गळ्यातला हार

सत्त्याऐंशी सालचा दसरा नुकताच झाला होता, तेव्हा शुभा मुलुंडच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर तपासायला आली. एकटीने, पहिल्यांदाच. हातात लाकडी पेटी, पेटीत काचेच्या नळ्या आणि चालीत असा रुबाब, की गेटवरच्या वॉचमनने काही न विचारता वाट दिली.

मालक चंद्रप्रकाशशेठ यांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं, की बॉयलर तेल फार पितोय. आज मोजणी वाईट आली तर तो भंगारात आणि त्याच्या जागी आपोआप चालणारा नवा. नव्याला माणूस लागत नाही, हेही सांगितलं, तेही तुळशीदासच्या देखत. तुळशीदास म्हणजे बॉयलर चालवणारा, मालवणकडचा, गिरणी बंद पडल्यावर इथे लागलेला. तो फडक्याने बॉयलरवरची पाण्याची पातळी दाखवणारी काच पुसत राहिला. पुसलेलीच काच.

शुभाने धुराड्याच्या भोकात नळी घालून धूर पेटीत ओढला. तेल नीट जळलं की धुरात कार्बन डायऑक्साइड भरपूर सापडतो. इथे जेमतेम निम्मा. म्हणजे नको तितकी हवा आत घुसत होती आणि बॉयलरची ऊब घेऊन आभाळात पळत होती. पुन्हा मोजलं, तरी तेच. वाट लागली, ती मनात म्हणाली.

हवा आवरायला धुराड्यात झडप असते. तिची मूठ शोधत शुभा मागे गेली आणि थबकली. मुठीवर झेंडूचा सुकलेला हार होता. पडू नये म्हणून शेजारच्या पाइपला सुतळीने गच्च बांधलेला. दसऱ्याच्या साफसफाईला झडप सताड उघडली, तशीच ती पुजली गेली आणि तशीच राहिली.

तिने सुतळीला हात घातला.

"बाय, देवाचो हार आसा तो," तुळशीदास म्हणाला. आवाज चढला नव्हता, तरी शुभाचा हात खाली आला.

सुतळी कापता आली असती. किंवा आकडा लिहून घरी जाता आलं असतं. पण गणपती कसा हलवतात हे तिने घरी दरवर्षी बघितलं होतं.

"उत्तरपूजा झाली का, काका?"

तुळशीदासने फडकं खाली ठेवलं. त्या संध्याकाळी सगळे सोनं वाटायला पळाले आणि सकाळी आल्या आल्या वाफ द्यावी लागली, असं काहीतरी तो पुटपुटला. मग म्हणाला, "इसारलंय."

कँटीनमधून मूठभर तांदूळ आणले. दोघांनी चपला काढल्या. लादी चांगलीच चटके देत होती. अक्षता वाहून, हात जोडून तुळशीदासनेच सुतळी सोडली. मग तो झडप मिटत गेला; धुराड्यातून काळं येऊ लागलं तशी शुभाने त्याला जरा मागे घ्यायला लावली. मोजलं. झकास!

शेठने दोन्ही आकडे बघून विचारलं, यातला खरा कुठला?

"दोन्ही खरे. पहिला हाराचा, दुसरा बॉयलरचा."

नव्या बॉयलरचं बोलणं तिथेच थांबलं. निघताना तुळशीदासने विचारलं, पुढच्या दसऱ्याला हार घालायचा तरी कुठे? शुभाने खडू घेऊन बॉयलरच्या पुढच्या दारावर, झडपेपासून लांब, एक फुली काढली. त्याने मान वाकडी करून बघितलं, ती पुसली आणि हातभर वर दुसरी काढली. देवाला एवढं खाली चालत नाही म्हणे.