मेंढीच्या कानातली हडळ

वडूजजवळच्या माळावर त्या दिवशी माणसांपेक्षा मेंढरं जास्त होती, आणि त्या सगळ्या गर्दीच्या मधोमध दादासो महाराज बसले होते. ते मेंढीच्या कानात पोकळ नळी घालायचे, डोळे मिटून तोंडानं जोरानं ओढायचे आणि पितळी ताटात पचकन थुंकायचे. ताटात केसासारखे लालसर जंत दिसले की लोक हात जोडायचे.

"व्यालेलीलाच धरती ही," महाराज सांगायचे. "भाकडीला शिवत न्हाई. आईच्या दुधावर जळणारी हडळ हाय."

ऐकणाऱ्याला पटावं असंच होतं ते. कोकरं झाली की मेंढ्या खंगायच्या, जबड्याखाली पाणी धरायचं. भाकड मेंढ्या मात्र खुशाल चरायच्या. महाराजांनी नळी लावली की पुढं काही आठवड्यांत बऱ्याच मेंढ्या सुधारायच्या. ज्या मरायच्या, त्यांच्या मालकाची श्रद्धा कमी पडलेली असायची. महाराजांचं कधीच काही कमी पडायचं नाही.

शालूबाईंच्या दोन मेंढ्या अशाच गेल्या होत्या. तिसरी उठेना, आणि तिचं कोकरू रिकाम्या सडाला धडका देत होतं. बाई महाराजांकडं आल्या खऱ्या, पण येताना जनावरांच्या डॉक्टर संयोगितांना सोबत घेऊन आल्या.

डॉक्टरांनी मेंढीची पापणी उलटून पाहिली. आतून पांढरीफटक होती. मग त्या महाराजांना शांतपणे म्हणाल्या, "नळी लावण्याआधी चूळ भरा."

महाराज म्हणाले, त्यानं तोंडातला मंत्र वाहून जाईल. शालूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "मेंढी माझी हाय, महाराज. भरा चूळ."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणता येईना. महाराजांनी घोटभर पाणी घेऊन गिळायचा प्रयत्न केला, त्यांना ठसका लागला, आणि नळी कानाला लागण्याआधीच हडळ ताटात पडली. गालात दाबून ठेवलेले जंत होते ते, कापलेल्या मेंढीच्या पोटातून आणलेले.

कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. शेजारचे आप्पासो मात्र अडून बसले. "पण डॉक्टरीणबाई, मेंढ्या बऱ्या हुत्यात, त्ये कसं?"

डॉक्टरांनी समजावलं. हे जंत पोटात राहून रक्त पितात. कानात त्यांचं काही काम नाही. एरवी मेंढीचं अंग त्यांना दाबून ठेवतं. पण विण्याच्या सुमाराला आणि दूध पाजताना अंगातली ताकद पिलाकडं जाते आणि तो पहारा ढिला पडतो. जंत माजतात, लेंड्यांतून त्यांची अंडी गवतावर पडतात, आणि तेच गवत कोकरं खातात. दूध आटलं की तगलेल्या मेंढीची प्रतिकारशक्ती परत येते.

"म्हंजी ती आपापली बरी व्हती," शालूबाई म्हणाल्या, "आन् नाव ह्यांचं."

औषध आणि पेंड मिळाल्यावर तिसरी मेंढी उभी राहिली. आधीच्या दोन काही परत आल्या नाहीत. महाराज आता मेढा गावाकडं असतात म्हणे. तिकडं हडळ गाईच्या शिंगात असते.

मेंढी व्यायला आली की तिच्या लेंड्या तपासून घ्या, डॉक्टर सांगतील ते औषध द्या, पोटभर खाऊ घाला. कुणी म्हणालं, मी बरी केली, तर विचारा की काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? आणि मेलेल्या मेंढीचा जाब श्रद्धेला विचारू नका. नळीवाल्याला विचारा.