अंजिरांची आढी

काशीच्या ब्रह्मा घाटावरून परतलेली कस्तुरी मागच्या अंगणात गेली आणि जागच्या जागी थबकली. अंजिराच्या झाडावर एकही फळ नव्हतं. खुडलेल्या देठांतून पांढरा चीक गळत होता.

"अहो, फळं कुठायत?"

"उतरवली," तिचे यजमान ढुंढिराज चिकानं खाजणारे हात चोळत म्हणाले. "बंदरं शेपट्या उडवत टपलीच होती. टोपलीत पेंढा घालून आढी लावलीय, आंब्यासारखी. चार दिवसांत पिकतील."

कस्तुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं तिनं त्या झाडाला जीव लावला होता. थंडीत छाटणी, मुळाशी निंबोळी पेंड, आणि यंदा पहिल्यांदाच धरलेल्या एकेका फळाला ह्यांच्याच जुन्या धोतराची शिवलेली पिशवी.

"अंजीर झाडावरच पिकतं! तोडलं की संपलं. मला विचारायचं तरी!"

"अगं, विचारत बसलो असतो तर बंदरांनी..."

"बंदरांनी खाल्ली असती, तरी दोन-चार उरली असती! तुम्ही एक ठेवलं नाहीत." तिनं टोपली उपडी केली. हिरवी, टणक फळं फरशीवर गडगडली. "आपल्या बकुळचंही हेच केलंत. गल्लीतली पोरं टपलीत म्हणालात आणि एकोणिसाव्या वर्षी लेकीला कॉलेजातून काढून उजवून टाकलंत. तेव्हाही मला विचारलं नाहीत."

ढुंढिराज खाली वाकून एकेक अंजीर गोळा करू लागले.

"राहू द्या," कस्तुरी म्हणाली. "आता ती परत झाडाला लागायची नाहीत."