चौथ्या मजल्यावरचा ट्रम्पेट

सकाळचं ऊन आमच्या घरात तिरकं येतं आणि थोडाच वेळ थांबतं. समोरच्या इमारतीची भिंत इतकी जवळ आहे, की आचोळे या आमच्या उपनगराच्या आभाळाची एक अरुंद पट्टीच आमच्या वाट्याला आली आहे. त्या उन्हात बाबांची नळी चकाकायची. पारदर्शक, सडपातळ, फरशीवरून वळणं घेत जाणारी. एका टोकाला कोपऱ्यात घुरघुरणारं ऑक्सिजनचं यंत्र, दुसऱ्या टोकाला माझ्या सासऱ्यांचं नाक. नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायची, न्हाणीघरापर्यंत पोचायची. गॅलरीच्या जाळीपाशी मात्र जराशी आधीच ताणली जायची, आणि बाबा तिथेच थबकून, दाव्याला बांधलेल्या गुरासारखी मान पुढे काढून, रस्त्याचा दिसेल तेवढा तुकडा पाहत राहायचे.

त्यांची फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली होती. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला असा आजार झाला, की जिना हा समुद्रच होतो. नितीन, माझा नवरा, भल्या पहाटे कामावर जायचा आणि दिवे लागल्यावर परतायचा. मी अंधेरीच्या एका प्रवास कंपनीत नोकरीला होते; बाबांसाठी रजा घेतली, ती वाढवत गेले आणि एके दिवशी त्या रजेचाच राजीनामा झाला. लोकांना दूरदेशीच्या सहली आखून देणारी मी यंत्राच्या आवाजाच्या परिघाबाहेर जाईनाशी झाले. भाजी आणायला उतरले तरी कान वरच असायचे. दाराची कडी माझ्याच हातात होती, आणि तरी त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंही सारखेच कोंडलेले होतो.

दुपारी, जेवणं आटोपल्यावर, भिंतींना सुस्ती आलेली असताना, बाबा टेपरेकॉर्डर जवळ ओढायचे. मग त्या निपचित घरात ट्रम्पेट घुसायचा.

देवगडहून तरुणपणी मुंबईत आलेले बाबा एका मोठ्या हॉटेलात दिव्यांच्या कामाला होते. संध्याकाळी तिथे जॅझ वाजायचं. कुठला दिवा कधी मंद करायचा, कधी उजळायचा, हे सांभाळत पडद्याआड उभे राहता राहता ते त्या संगीतात असे गुंतले, की परत कधी सुटलेच नाहीत. सायमन नावाचा गोव्याचा ट्रम्पेटवादक त्यांचा मित्र झाला. बाबा त्याला गोव्याच्या रीतीने 'सायमनबाब' म्हणत. त्याने परदेशी तबकड्यांवरून कॅसेटी भरून दिल्या, आणि एका संध्याकाळी बाबांनी दिव्यांच्या खोक्यामागे लपवलेल्या रेकॉर्डरवर खुद्द सायमनबाबचंच वादन टिपून घेतलं. सायमनबाब कधीच गेला. त्याचा श्वास तेवढा आमच्या कपाटात शिल्लक होता.

बाबांच्या आवडीची ध्वनिमुद्रणं मोजकीच होती. एकात ट्रम्पेट आणि ढोल एकमेकांवर तुटून पडायचे. ढोल वाट अडवायचा आणि ट्रम्पेट त्याच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे जायचा. दुसऱ्यात वाद्याच्या तोंडाशी रबरी वाटी धरून वाजवणारा कुणी एक रडत, चिडत, खदखदून हसत माणसासारखा बोलायचा. आणि तिसरं सायमनबाबचं. त्यात आधी बशा-चमच्यांचे आवाज, कुणाचं तरी खोकणं; मग एक स्वर चढत चढत जायचा, आता फुटणार असं वाटेपर्यंत चढायचा आणि तिथेच, त्या धारेवर, उभा राहायचा. चमचे थांबायचे. सगळं दालन गप्प व्हायचं. स्वर उभाच.

ऐकताना बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं चादरीवर नाचायची, भुवया स्वरापाठोपाठ कपाळात चढायच्या, आणि आजाराने राखेच्या रंगाचा झालेला तो चेहरा रंगमंचाचा दिवा पडावा तसा आतून उजळायचा.

मला ते संगीत सुरुवातीला सहन व्हायचं नाही. त्या आक्रोशाने भिंती आणखी जवळ आल्यासारख्या वाटायच्या. एकदा न राहवून मी विचारलं, "बाबा, इतकं धावपळीचं का ऐकता? तुम्हालाच दम लागेल. काहीतरी शांत लावू का?"

ते एकेक शब्द वेचून म्हणाले, "उज्ज्वला, मी दिवसभर श्वास पुरवून पुरवून वापरतो. हा बघ कसा उधळतोय."

त्या दिवसापासून मी जवळ बसून ऐकू लागले.

ऑक्टोबरचं ऊन पेटलं होतं. पलीकडे गावात कुठे भात कापून झालं असेल, आमच्याकडे मात्र सिमेंट तापत होतं. सकाळी अकराच्या सुमारास रस्त्याकडून मोठा आवाज झाला, पंखा मंदावत गेला, आणि मग यंत्राची घुरघुर थांबली. वर्षभर मी त्या आवाजाला कंटाळले होते. तो थांबताच मी यंत्राकडे धावले. ट्रान्सफॉर्मर जळाला होता. जवळ एक छोटा सिलिंडर होता. नळी त्याला जोडली, पण काटा अर्ध्याच्या खाली होता. सिलिंडरवाल्याला फोन केला.

"मॅडम, गाडी निघालीय, पण सगळीकडे लाइट गेलीय ना. तुमच्यासारखे बरेच पेशंट आहेत. येतो."

बाबांनी ते ऐकलं. भीती त्यांच्या छातीत शिरलेली मला दिसली. श्वास आखूड झाले, घाईघाईचे झाले, ओठ निळसर पडले. पाण्याबाहेर काढलेल्या जिवासारखे ते हवेत हवा शोधू लागले.

तेवढ्यात दाराशी टोपली टेकल्याचा आवाज झाला. अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी रोझामावशी. उघड्या दारातून तिने एकदा आत पाहिलं आणि टोपली बाहेरच ठेवून ती सरळ बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली. पाठीवर हात ठेवला, पदराने वारा घालू लागली.

"पानी पाज त्याला, पोरी. घोट घोट. मी हाय इथं."

बाबांनी बोट टेपरेकॉर्डरकडे दाखवलं. "सायमन," एवढंच उमटलं.

सेलवर टेप सुरू झाली. बशा, चमचे, खोकला. मग तो स्वर निघाला. बाबांनी डोळे मिटले, शीळ घालताना करतात तसे ओठ केले, आणि त्या स्वराच्या सोबतीने श्वास सोडू लागले. थोडं अंतर जाऊन श्वास तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. टेप संपली की मी ती मागे फिरवत होते. हळूहळू त्यांचा श्वास लांबत गेला; खांदे खाली आले; सिलिंडरातल्या हवेला छातीत शिरायला जागा मिळाली.

रोझामावशी वारा घालत लक्ष देऊन ऐकत होती. "आमच्याकडं लग्नात वाजवतात तसंच हाय की," ती म्हणाली, "पन हा वाजवणारा बाबा खाली यायला काय तयार नाय!"

बाबा हसले. खोकला आला, तरी हसले.

दुपार कलताना जिन्यात लोखंड आपटल्याचा आवाज झाला आणि नवा सिलिंडर वर आला. दमलेल्या माणसाने तो जोडला, तेव्हा मी भिंतीला टेकून रडत होते. मावशीने बर्फ विरघळत आलेल्या टोपलीतले दोन बोंबील माझ्या ताटलीत टाकले आणि ती उरलेली मासळी विकायला निघून गेली.

संध्याकाळी, वीज आल्यावर, बाबा म्हणाले, "तू नोकरीवर परत जा."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे पळून जाणार आहे?"

आम्ही दोघंही हसलो. मी गेले नाही. पौषात, थंडीच्या एका कोवळ्या सकाळी, चहाची वाट पाहता पाहता बाबा गेले. ज्या जिन्याने त्यांना वर्षभर अडवून ठेवलं, त्याच जिन्याने चौघांनी त्यांना सावकाश, प्रत्येक वळणावर थांबत, खाली नेलं.

आता मी पुन्हा कामाला जाते. बाहेर पडताना कुणाला सांगावं लागत नाही, भाजी निवडून घ्यायला सवड असते, गॅलरीत हवा तेवढा वेळ उभं राहता येतं. तरी सुट्टीच्या दुपारी पाय घराबाहेर निघत नाहीत. जे दिवस लवकर सरावेत म्हणून मी मनोमन विनवण्या केल्या होत्या, ते काळाने खरोखरच नेले. आणि आता त्याच दिवसांपाशी मी जाऊन बसते, ज्यांतून सुटायला आम्ही दोघंही तडफडत होतो आणि ज्यांतून सुटले ते एकटे बाबाच.