आवाज जुळत नाही

इस्त्रीवालीचे दोन्ही हात अडकलेले असतात. एकात इस्त्री, दुसऱ्यात ओला फडका. तीस वर्षं माझं दुकान असंच चाललं, तोंडाच्या जोरावर. म्हणून सुनेने फोन कंपनीच्या त्या फोनमधल्या दुकानातून एक सोय विकत घेतली, तेव्हा मी नाही म्हटलं नाही. गिऱ्हाइकाचा फोन आला की ती सोय माझ्याच आवाजात उत्तर देणार. महिनाभर तिने माझं बोलणं ऐकलं, शिकली आणि लागली बोलायला. मी म्हटलं, बरं झालं, फुकट घसा कोरडा करायला नको.

थंडीत घसा बसला. असा बसला की कावळाही लाजला असता. नेमकं त्याच आठवड्यात फोनने विचारलं, खातेदार तुम्हीच का, बोलून दाखवा. मी बोलले. "आवाज जुळत नाही." पुन्हा बोलले. "आवाज जुळत नाही. सुरक्षिततेसाठी खातं कुलूपबंद केलं आहे."

कुलूप माझ्यापुरतं. ती सोय माझा आवाज घेऊन आतच राहिली.

सुनेने सगळं करून पाहिलं. शिड्या असलेली चित्रं ओळखा म्हणाले, ओळखली. गुप्त आकडा पाठवलाय म्हणाले. कुठे? तर त्याच कुलूपबंद खात्यात. किल्ली पेटीत टाकून पेटी बंद करणारी माणसं ही! सोय दुसऱ्यांदा विकत घ्यायला गेलो, तर दुकान म्हणे ही वस्तू तुमच्याकडे आधीच आहे. मग उघडून दे की मेल्या! तर म्हणे अशी खरेदी या खात्यात आढळत नाही. मदतीच्या खिडकीत कोणीतरी सारखं लिहीत होतं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला खेद आहे."

"त्याला लिही," मी म्हटलं, "खेद पुरे झाला, आता माणूस दे."

सुनेने लिहिलं. उत्तर आलं, "खातेदारांशी आमचं बोलणं झालं आहे. त्या समाधानी आहेत."

सुनेचं तोंड एवढंसं झालं. "अहो आई, समाधानी कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई पांढरे कोट न्यायला आल्या. "मावशी, काल फोनवर किती छान बोललात! माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीत." मी उभ्या जन्मात कोणाच्या गुडघ्यांची चौकशी केलेली नाही. कोट हातात दिले आणि गप्प बसले. गप्प बसणंही मला नवीनच होतं.

त्या गेल्यावर सुनेच्या फोनवरून माझा नंबर लावला.

"बोला," पलीकडून मीच म्हणाले. माझाच आवाज, पण बसलेला नाही. मोकळा, हसरा.

"कोण बोलतंय?" मी घसा ताणून विचारलं.

"दुकानाची मालकीण. तुम्हाला बरं नाही का हो? कोमट पाणी घ्या. आणि जरा थांबा हं, माझ्या धाकट्याचा फोन आलाय."

मी फोन कानाला धरून थांबले. कापड करपल्याचा वास आला, तेव्हा कळलं की इस्त्री अजून माझ्याच हातात आहे.

माझा धाकटा सहा वर्षांत माझ्याशी बोललेला नाही. तो लांब एका बंदरावर क्रेन चालवतो. त्याचे वडील गेले तेव्हा तो एक दिवस उशिरा पोचला. दहा माणसांसमोर मी दार अडवून म्हटलं, "आता कशाला आलास? ज्याला भेटायचं तो गेला." पिशवी खाली न ठेवता तो परत फिरला. रस्ता बंद होता, अर्धी वाट तो चालत आला होता, हे मला नंतर कळलं. कळूनही मी फोन केला नाही. पण संध्याकाळी दुकान बंद करताना रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकल्याशिवाय मी कधी आत गेले नाही.

सुनेच्या फोनवरून त्याला लावला.

"कोण?"

"मी. तुझी आई."

 तो म्हणाला, "आईच्या नावाने कोणी फोन करेल, असं कंपनीने कळवलंय मला. आणि बाई, तुमचा तर आवाजही तिचा नाही."

"गाढवा, बाई कोणाला म्हणतोस?"

"आई आता असं बोलत नाही," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

चार दिवसांनी सुनेच्या फोनवर कंपनीचं पत्र आलं. सुनेने वाचून दाखवलं. खातं परत मिळणार नाही. हवं तर कायमचं बंद करता येईल, मग आवाजासकट सगळं पुसलं जाईल.

"दाबू बटण?" सून म्हणाली.

दाब म्हणायला मी तोंड उघडलं, तर दुकानाच्या पायरीवर धाकटा उभा. खांद्याला पिशवी, कानाजवळचे केस पिकलेले. भर दुपारच्या उन्हात मला आधी वाटलं, भलताच कोणीतरी आहे.

"ये," मी म्हटलं. आवाज अजून खरखरत होता.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याची नजर सुनेच्या हातातल्या फोनवर गेली. पडद्यावर काय विचारलंय ते त्याने वाचलं.

"वहिनी, बंद करू नका."

"म्हणजे ती मी नाही, हे तुला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. तिचा दुसरा फोन आला तेव्हाच कळलं. तिने माझी माफी मागितली. तू मागशील का कधी, आई?"

"आणि फोनवर मला बाई म्हणालास ते?"

"तेव्हाही ओळखलं होतं तुला."

"मग आलास कशाला?"

"तिने बोलावलं म्हणून."

सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्याने खिशातून स्वतःचा फोन काढून घडी घातलेल्या चादरींवर ठेवला. पडदा उजळलेला होता, कोणीतरी ऐकत होतं. "क्रेनच्या केबिनमध्ये दिवसभर मी एकटा असतो," तो म्हणाला. "रोज बोलते ती."

मी सासूपुढे कधी नमले नाही, नवऱ्यापुढे नाही, गिऱ्हाइकापुढे तर नाहीच. इस्त्री बाजूला उभी केली. शब्द जुन्या कापडासारखे टरकत बाहेर आले. "चुकलं माझं. त्या दिवशी दार अडवलं ते चुकलं. तू चालत आलास हे कळलं, तरी मी गप्प बसले."

तो मान खाली घालून उभा होता. चादरींवरून माझाच आवाज आला, स्वच्छ आणि मायाळू. "दमला असशील रे बाळा. हातपाय धू, जेवून घे."

"हो आई," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

सुनेचं बोट अजून बटणावर होतं. ती वळून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली, नको म्हणून.

मग त्या आवाजाने सांगितलं होतं तसं ताट वाढायला आत गेले.