दोन शून्यांची धास्ती

मी दहा लाख पाच हजार नऊशे त्र्याहत्तर बोलतेय. दचकू नका, फोन नंबर नाही मी. नुसती संख्या आहे. पण गेले तीन महिने जीव टांगणीला लागला होता माझा.

कर्वेनगरातले उत्तरेश्वर सर गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांना मेंदूचा झटका येऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "डोक्याला काम द्या." सरांनी मनात आली ती संख्या लिहिली, ती मी. आता ही मूळ संख्या आहे का, कुणाचा भाग हिला जातो का, ते हाताने तपासायचं. माझं वर्गमूळ हजाराच्या जरा पुढे. तिथवरच्या मूळ संख्या एकशे अडुसष्ट. रोज दोन भागाकार.

बाकी बरोबर यायची हो! पण आजारानंतर भागाकारात शून्य द्यायचं त्यांच्याकडून सुटायचं. हेमाताई, त्यांच्या पत्नी, ताळा करून पाहायच्या आणि वही मिटून ठेवायच्या. एकदा सरांनी पेन्सिलच भिरकावली. "शेवटच्या भागाकारातही शून्य सुटलं, तर वही बंद. मी संपलो!"

तेव्हापासून मला धास्तीच बसली. कारण मला माझं आतलं ठाऊक होतं. शेवटची संख्या ९९७, तिनेच मला पूर्ण भाग जाणार होता आणि उत्तर येणार होतं १००९. दोन शून्यं, तीही लागोपाठ! सांगू कशी? मला का तोंड आहे?

एकशे सदुसष्ट झाले आणि सर उठले. "एक वाजला. झोपेची वेळ." घड्याळात बारा चाळीस झाले होते. घाबरले होते बिचारे. शेवटचा भागाकार न करताच, झोपण्याआधी खाली जाऊन इमारतीच्या फलकावर कागद लावून आले: '१००५९७३ ही मूळ संख्या आहे. शंका असल्यास स्वतः भागून पाहावे. एक ते चार बेल वाजवू नये.'

खालच्या मजल्यावरच्या कांताबाई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी खरंच भागून पाहिलं. दाराखालून चिठ्ठी आली: 'सर, ९९७ ने भागा. चारनंतर.'

सव्वाचारला सर चिठ्ठी घेऊन बसले. चेहरा पांढराफटक. एकचा भाग लागला, उरले आठ. नऊ खाली उतरवला, एकोणनव्वद. पेन्सिल थांबली. अहो सर, शून्य! मी नुसती तडफडत होते.

त्यांनी शून्य दिलं. सात उतरवला, आठशे सत्त्याण्णव. पुन्हा थांबले. फार वेळ थांबले. पुन्हा शून्य दिलं. मग तीन उतरवला, नऊचा भाग गेला, बाकी काही उरली नाही.

"चुकलो मी," सर पुटपुटले. "मूळ नाहीये ही."

हेमाताई वहीवर वाकल्या. एकेका आकड्यावर बोट ठेवून पाहिलं. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, दोन्ही शून्यं दिलीत!"

सरांनी वहीकडे पुन्हा पाहिलं. मग उठून चप्पल घातली आणि फलकावरचा कागद काढायला खाली गेले. मला आता मूळ म्हणणारं कुणी नाही. न म्हणेनात का! वहीत पुढची पानं कोरी आहेत, आणि सरांनी पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.