तानूची अर्धी वाट

मित्रांनो, मी एक जुना, कॅसेटवाला व्हिडिओ गेम आहे. माझा पांढरा रंग आता पोथीच्या पानासारखा पिवळा पडलाय. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते संग्रामपूरचं शंकररावांचं घर. शंकरराव भाजी पिकवत, आणि पंचक्रोशीत कुठे कीर्तन असलं की सायकल काढत. त्यांच्या लेकीसाठी, अन्नपूर्णेसाठी, मी आलो.

गाड्या पळवायच्या कॅसेटी माझ्याकडे पुष्कळ होत्या. पण अन्नपूर्णेचा जीव जडला तो भूमिकेच्या खेळांवर. त्यांत खेळणारा स्वतःच कोणी तरी होतो, नाव घेतो, गावोगाव वाट विचारत फिरतो. असे खेळ माझ्याकडे तीनच. त्यांतल्या एकात ढगांवरच्या मनोऱ्यातला विझलेला दिवा लावायचा होता. नायिकेच्या नावाला चार इंग्रजी अक्षरांपुरती जागा. अन्नपूर्णेने आपल्या आत्याचं, तानुबाईंचं नाव लिहिलं: तानू.

मग रोज संध्याकाळी भाजी निवडता निवडता तानुबाई विचारायच्या, "माह्या तानूले आज कुठी नेलं वं?"

निळी तळी, धुक्यातले पूल, झोपलेली गावं... कॅसेटमधल्या बटणाएवढ्या बॅटरीवर ती सारी वाट जपलेली असे. बंद असतानाही मला वाटे, मी त्या धुक्यातून चालतोच आहे आणि दूर कुठे टाळ वाजताहेत.

एके दिवशी शंकररावांचे धाकटे भाऊ रंगराव सीडीवाला नवा गेम घेऊन आले. "माह्यापाशी अशा सोळा गोष्टी, तुह्यापाशी तीन! यातली माणसं बोलतात, गातात. तुही तानू तं मुकी हाये!"

"काका, तुमची सीडी चालू होयेपर्यंत आत्याचा चहा होते!"

खामगावचा दुकानदार जुना गेम घेऊन असाच नवा द्यायला तयार होता. शंकरराव म्हणाले, "रविवारी दोघायच्या गोष्टी पाहू. ज्याची चांगली, तो गेम घरात." अन्नपूर्णेचा मनोऱ्याचा शेवटचा दरवाजा तेवढा राहिला होता. सगळ्यांदेखत दिवा लावायचा, असं तिने ठरवलं.

शनिवारी ती शाळेत असताना शंकररावांनी मला सुरू केलं. निवाडा करायचा तर आधी समजून घ्यावं, एवढाच त्यांचा हेतू. पडद्यावर दोन ओळी आल्या: पुढे चला, किंवा नव्याने सुरू करा. ते पुटपुटले, "कीर्तन कुठी मधातून आयकतात? नमनापासून आयकाव." त्यांनी नव्याने सुरू केलं, नाव दिलं राम. तासभर रमले, आणि 'जपून ठेवू का?' या प्रश्नाला हो म्हणून उठले.

कॅसेटमध्ये एकाच प्रवासाची जागा होती; रामाची वाट जपली गेली, तशी तानूची पुसली गेली. मित्रांनो, मला ओरडता येत नव्हतं.

रविवारी अन्नपूर्णेचा आवाज चिरकला. "बाबा, माही तानू कुठी गेली?"

शंकररावांचा चेहरा उतरला. रंगराव हसले, "तीनातली एक गेली! बांधा आता पुडकं."

"थांब रे रंगा," तानुबाई म्हणाल्या. "पोरी, पडद्यावरून गेली. तुह्या डोक्यातून तं नाही गेली ना? सांग."

डोळे पुसत अन्नपूर्णा सांगू लागली. पूल आले, तळी आली, बर्फात हरवलेला नावाडी आला. रंगरावांनी सोबत आणलेल्या टीव्हीवर त्यांची सीडी मागे गात होती. त्यांनीच सीडीचा आवाज बंद केला. "मंग? त्या दरवाज्यामागं काय होतं?"

"मले नाही माहीत, काका. मी तिथलोकच गेली होती."

शंकररावांनी पडद्यावरच्या नावाला हात जोडले आणि माझा रिमोट लेकीला दिला. "पूस हे. तानू लिही. देव समजून घेते. हा गेम कुठीच जात नाही."

पहिल्या गावापासून सगळी वाट पुन्हा चालावी लागली. रोज चौघं बसत. दोन महिन्यांनी दिवा लागला, तेव्हा तानुबाईंनी पडद्यावरच्या तानूवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

आता कॅसेटमधली बॅटरी संपली आहे, खेळातली कुठलीच वाट माझ्यात जपून राहत नाही. पण मित्रांनो, एवढं ऐका. दुसऱ्याची वस्तू हाती घेताना एकदा विचारा, "तुझं यात काही चालू आहे का?" त्या घरात आजही माझ्यावरची धूळ पुसण्याआधी असंच विचारतात.