शिंक्यातल्या लिल्या

ठाण्याच्या कचेरीतले शिरस्तेदार त्र्यंबक वामन सोवनी यांना रावसाहेब व्हायचे होते. ही काही गुपित गोष्ट नव्हती. त्यांच्या पत्नीला, उत्तराबाईंना, ती ठाऊक होती, तळ्याकाठच्या ब्राह्मण आळीला ठाऊक होती, आणि कचेरीतले पट्टेवाले तर दिवाळी जवळ आली की त्यांना आपणहूनच रावसाहेब म्हणू लागत. ठाऊक नव्हती ती फक्त सरकारला. ती सरकारच्या कानी जायला कलेक्टरसाहेबांची शिफारस लागत होती.

म्हणूनच ज्येष्ठात साहेबांची मडम विलायतेला निघाली आणि आपल्या आवडत्या लिलीचे गड्डे पावसाळाभर कोण सांभाळील, असे तिने बंगल्याच्या व्हरांड्यात विचारले, तेव्हा त्र्यंबकराव सगळ्यांच्या आधी पुढे झाले. त्यांनी जन्मात तुळशीखेरीज कशाला पाणी घातले नव्हते, आणि तेही उत्तराबाई माहेरी गेल्या असतील तेव्हाच. पण मडमेच्या फुलांतून साहेबांच्या शिफारशीकडे वाट जाते, एवढे बागकाम त्यांना येत होते.

बंगल्यावरचा माळी सिल्वेस्टर माजिवड्याचा. तो पाटीत गड्डे घालून आला आणि मडमेचा हुकूम त्याने ओटीखालूनच सांगितला.

"मडम बोलली, यांच्या बुडाशी पानी ऱ्हायला नको. पानी ऱ्हायला का गड्डा सडला."

"कळलं. लिलीच आहे ना, काही राज्य नव्हे," त्र्यंबकराव म्हणाले.

त्यांनी गड्डे परसात ओळीने लावले. परसाचा उतार तळ्याकडे, म्हणजे अख्ख्या आळीचे पाणी त्यांच्याकडे मुक्कामाला येई. आषाढात पाऊस चिकटला तशी मातीची खीर झाली. त्र्यंबकरावांनी कोपरीच्या शेतकऱ्यांकडून छोटी छोटी इरली करवून घेतली आणि प्रत्येक गड्ड्यावर टोपल्यासारखे एकेक पालथे घातले. वरचा पाऊस थांबला, खालचे पाणी कसे थांबणार? त्यांनी चर खणले, तर शेजारच्या गंगुबाईंच्या गोठ्याचे पाणी त्या चरांतून आत आले. मग एक गड्डा उकरून पाहिला. तो त्र्यंबकरावांच्या बोटांना बुडाशी मऊ लागला. त्यांना गड्डा दिसतच नव्हता. रावसाहेबी कुजताना दिसत होती.

त्यांनी त्याच दिवशी सगळे गड्डे काढले, पुसले, राखेत घोळवले आणि मागच्या पडवीत शिंक्याला टांगले. युक्ती चांगली होती. आठवडाभरात गड्डे खडखडीत वाळले. तांबूस पातळ साल, मुठीएवढा आकार, वर वाळकी शेंडी.

पण तोवर आषाढी एकादशी होऊन चातुर्मास लागला होता. आळीत नवमीलाच कांद्याची भजी, थालीपिठे यथेच्छ होऊन कांदा-लसूण चार महिन्यांपुरते घराबाहेर गेले होते. अशा दिवसांत गंगुबाई विरजण मागायला मागल्या दाराने आल्या आणि त्यांची नजर शिंक्याकडे गेली. विरजण न घेताच त्या परत फिरल्या. दिवे लागेपर्यंत आळीच्या दोन्ही टोकांना कळले, की शिरस्तेदारांकडे चातुर्मासात शिंकेभर कांदे टांगलेत.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्र्यंबकरावांकडे ब्राह्मण जेवायला आले नाहीत. पाने मांडलेली, पुरण वाटलेले, आणि ओटीवर चिटपाखरू नाही. उत्तराबाई पाटांकडे बघत राहिल्या.

"अहो, ते फुलांचे गड्डे आहेत, हे जाऊन सांगा तरी."

त्र्यंबकराव आळीचे उपाध्ये हरिहरभट यांच्याकडे गेले. त्यांना मनातून खरेच भीती वाटत होती. रावसाहेब व्हायचे ते कोणासाठी? या आळीनेच वाळीत टाकले, तर त्या पदवीवर जळायचे कोणी?

हरिहरभटांनी शांतपणे ऐकून घेतले. "आमचा विश्वास आहे हो तुमच्यावर," ते म्हणाले. "कापून दाखवा, म्हणजे झालं."

एक गड्डा कापला. हरिहरभटांनी तो नाकाशी नेला, डोळ्यांशी नेला. पाणी आले नाही, वास आला नाही. त्यांनी निर्वाळा दिला आणि त्र्यंबकरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण हरिहरभट तपकीर ओढत. त्यांच्या नाकाचा भरवसा तो काय, असे त्यांचे भाऊबंद बाळंभट म्हणाले, म्हणून बाळंभटांपुढे दुसरा गड्डा कापावा लागला. पुरुषांनी जन्मात कधी कांदा चिरलाय का, असे गंगुबाईंनी विचारले, तेव्हा तिसरा बायकांपुढे चिरला. त्यांतल्या निम्म्या पदर नाकाला लावून उभ्या होत्या आणि त्यांना वास आला नाही हे त्यांनी शपथेवर सांगितले. देवळाच्या पुजाऱ्यांनी, आपल्याला बोलावले नाही, म्हणून निराळा गड्डा मागितला. कल्याणहून कोणाचे तरी व्याही आले, त्यांना तमाशा म्हणून दाखवला. त्र्यंबकरावांना नाही म्हणता येईना. शिवाय दर कापणीला लोक माना डोलवत, आणि चार लोकांनी मान डोलवली की त्यांना जरा बरे वाटे.

गणपतीत आरतीला सगळी आळी त्यांच्याकडे लोटली. तेव्हा शिंक्यात एकच गड्डा उरला होता.

"हा एवढा का हो ठेवलाय?" बाळंभटांनी विचारले.

"मडमेला काहीतरी परत द्यायला नको का?"

"तसं नव्हे. सगळे कापलेत आणि हाच लपवलाय. कांदा असला तर हाच असायचा."

लोकांच्या माना डोलायच्या थांबल्या. त्र्यंबकरावांनी एकवार गणपतीकडे पाहिले, विळी ओढली आणि शेवटचा गड्डाही उभा चिरला. सगळ्यांनी वास घेतला. सोवनींची अब्रू धुतल्या तांदळासारखी झाली आणि लिली संपली.

आता मडमेला काय दाखवायचे? पितृपक्ष लागला तसे त्र्यंबकराव एके सकाळी आगगाडीने कल्याणला गेले. ठाण्याच्या बाजारात त्यांना सगळे ओळखत. कल्याणला त्यांनी तोंडाला उपरणे लावून चांगले तांबूस, मुठीएवढे कांदे निवडून घेतले, आणि ज्या गृहस्थाने आपल्या घरात कांदा नाही हे साऱ्या आळीला पटवून दिले होते, तो गृहस्थ ऐन चातुर्मासात, पितरांच्या पंधरवड्यात, कांद्याचे गाठोडे मांडीवर घेऊन घरी आला. रातोरात त्यांनी ते मागच्या पडवीत कुंड्यांत लावले. त्यांचा हिशेब साधा होता. कुंड्यांत हिरवे कोंब दिसले की मडम खूश, मडम खूश की शिफारस लागलीच जाणार, आणि फूल येण्याच्या दिवसांपर्यंत साहेबाची बदली ठरलेली.

उत्तराबाईंनी कुंड्या पाहिल्या आणि पदर नाकाला लावला. तेवढेच त्र्यंबकरावांना जरा लागले.

दिवाळी झाली आणि कार्तिकी एकादशीच्या आधी मडम टांग्यातून स्वतः आळीत उतरली. मागे सिल्वेस्टर. ओटीओटीवर माणसे जमली. त्र्यंबकराव जरीकाठी पागोटे घालून पुढे झाले. ओटीवर आणून मांडलेल्या कुंड्यांतून हिरवीगार पात वीतभर वर आली होती. मडम हसली, वाकली, एक पात चिमटीत चुरगळली आणि बोटे नाकाशी नेली.

"सिरस्तेदार," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कवायतीच्या मैदानावर चालण्याजोगा होता, "ये तो प्याज है."

ओट्यांवरच्या माना एकदम वळल्या.

"हमारा लिली किधर है?"

"कट गया, मेमसाब."

"किसने काटा?"

त्र्यंबकरावांनी ओट्यांकडे हात केला. "सबने देखा, मेमसाब. सबने सूँघा."

मडमेला त्यातले काही कळले नाही. तिने सिल्वेस्टरकडे पाहिले, त्याने आभाळाकडे पाहिले आणि टांगा निघून गेला. त्या साली रावसाहेबी कोपरीच्या एका मिठागरवाल्याला मिळाली.

मडम गेली त्याच संध्याकाळी आळी निवाड्याला ओटीवर बसली.

"अहो, तुम्ही स्वतः वास घेतला होता," त्र्यंबकराव हरिहरभटांना म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"घेतला होता. वास आलाही होता," हरिहरभट म्हणाले. "तुमची अब्रू जाऊ नये म्हणून तेव्हा गप्प बसलो."

"माझ्या तर डोळ्यांना धार लागली होती," गंगुबाई दाराआडून म्हणाल्या.

प्रायश्चित्त सोपे ठरले. त्र्यंबकरावांनी पंचगव्य घ्यायचे, जन्मभर कांद्याला शिवायचे नाही, आणि विटाळ घरातून जावा म्हणून कुंड्यांतले कांदे उपाध्यांच्या स्वाधीन करायचे. हरिहरभटांनी ते स्वतः उपटले, माती झटकली आणि पंच्यात बांधून नेले.

द्वादशीला चातुर्मास सुटला. संध्याकाळी त्र्यंबकराव ओटीवर बसले असताना पलीकडून तेलाचा चर्र आवाज आला आणि पाठोपाठ भज्यांचा वास. उत्तराबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"हरिहरभटजींकडून येतोय," त्या म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी उपरणे नाकाला लावले. या खेपेला मात्र त्यांच्या डोळ्यांना पाणी आले.